फिल्टरच्या बुडाशी गळणारे तेल

जुन्या इंजिनातून तेल गळण्याच्या जागा पुष्कळ असतात, पण ऑइल फिल्टरची जागा त्या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. टॅपेट कव्हरचे किंवा चेंबरचे, म्हणजे खालच्या तेलटाकीचे, पॅकिंग एकदा बसले की वर्षानुवर्षे त्याला कोणी हात लावत नाही. फिल्टरचा सांधा मात्र दर सर्व्हिसिंगला उघडतो आणि पुन्हा नव्याने बंद होतो. वीस वर्षे चाललेल्या गाडीत हे काम कितीतरी हातांनी केलेले असते आणि प्रत्येक हाताची खूण त्या जागेवर राहते. शिवाय येथील तेल दाबाखाली असते. चेंबरच्या पॅकिंगमागे तेल नुसते साचलेले असल्याने ते झिरपते. फिल्टरमागे पंप असल्याने ते बाहेर फेकले जाते. म्हणून चेंबरची गळती महिनोन्‌महिने चालवून घेता येते, फिल्टरची गळती चालवून घेऊ नये. सांध्यातली रबरी रिंग जागेवरून सरकली तर पाच-सहा लिटर तेल काही मिनिटांत रस्त्यावर जाते आणि बेअरिंग जळून इंजिन जाम होते.

पंप चेंबरमधून तेल ओढतो, ते फिल्टरमधून नेतो आणि मगच क्रँकशाफ्टच्या व कॅमशाफ्टच्या बेअरिंगांकडे पाठवतो. इंजिन गरम असताना आयडलला हा दाब एक बारच्या आसपास आणि धावताना तीन-चार बार असतो. फिल्टरच्या तोंडावरची रबरी रिंग ६५ मिलिमीटर व्यासाची धरली, तर चार बारला फिल्टरला आसनावरून बाहेर ढकलणारा जोर सुमारे १३० किलो भरतो. हा जोर मधल्या पोकळ स्टडचे आटे पेलतात आणि तेल अडवण्याचे काम एकटी रिंग करते. डिसेंबरच्या पहाटे २०डब्ल्यू-४० सारखे तेल घट्ट झालेले असते, तेव्हा स्टार्ट करताना दाब आणखी चढतो. काही गाड्या पहिल्या दोन मिनिटांतच गळतात आणि गरम झाल्यावर कोरड्या दिसतात, त्याचे कारण हेच. दुपारी गॅरेजमध्ये तपासलेली अशी गाडी निर्दोष ठरते आणि दुसऱ्या सकाळी पार्किंगमध्ये डाग पुन्हा पडलेला असतो.

मोटारीच्या पहिल्या पिढीला हा प्रश्नच नव्हता. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तेलाचा पंप नव्हता, फिल्टरही नव्हता. फिरते भाग तेल उडवत आणि त्यावरच काम भागे. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी ‘प्युरोलेटर’ नावाने मोटारीचा ऑइल फिल्टर आणला. पुढची काही दशके फिल्टर म्हणजे धातूच्या भांड्यात बसवायचे बदलते काडतूस असे. पत्र्याच्या डब्यातच घड्यांचा कागद, झडपा आणि रिंग बंद करून तो डबा आख्खा फिरवून बसवायचा, ही सोय १९५० च्या दशकात रुळली. दोन्ही प्रकार आजही रस्त्यावर आहेत आणि दोन्हींच्या गळतीच्या जागा निरनिराळ्या आहेत.

पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी सापडतात. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुण्याचा कारखाना १९६६ मधला. टेल्कोचे अध्यक्ष राहिलेले सुमंत मुळगावकर यांच्या नावातील अक्षरे घेतलेली सुमो ही गाडी १९९४ मध्ये आली आणि तिचे डिझेल इंजिन डब्याच्या फिल्टरवर चालले. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजचे ओएम ६१६ हे डिझेल इंजिन परवान्याने घेतले. त्या घराण्यात काडतूस बंद घरात (हाउसिंगमध्ये) बसते आणि वरून झाकण लागते. पिंपळे गुरव हे उपनगर या पट्ट्याच्या दक्षिणेला, पवना नदीच्या काठावर. नदीपलीकडे दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा, औंधला सरकारी आयटीआय, भोसरीला एमआयडीसीतील लेथची छोटी वर्कशॉपे. जुने इंजिन दुरुस्त करायला लागणारी माणसे आणि यंत्रे इतक्या जवळ मिळण्याची ठिकाणे महाराष्ट्रात फार नाहीत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. एवढे करून जो मालक गाडी ठेवतो, त्याच्यासाठी गळती नीट शोधणारा मेकॅनिक महत्त्वाचा ठरतो.

शोध नेहमी धुण्यापासून सुरू व्हावा. फिल्टर इंजिनाच्या बाजूला खाली असल्याने वरून येणारे सगळे तेल त्याच्यावरूनच ओघळते. टॅपेट कव्हरचे कडक झालेले पॅकिंग, फ्युएल पंपाचा सांधा, ऑइल प्रेशर स्विच यांतले काहीही गळत असले तरी थेंब फिल्टरच्या बुडाशी लोंबतो आणि दोष फिल्टरवर येतो. पंख्याचा वारा तेच तेल मागे, गिअरबॉक्सपर्यंत पसरवतो. इंजिन थंड असताना ती बाजू डिझेल आणि ब्रशने धुऊन, हवा मारून, कोरड्या चिंधीने पुसावी. मग फिल्टरच्या वरच्या भागावर आणि घराच्या सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी. इंजिन चालू केले की पांढऱ्या पावडरीत तेलाची पहिली ओली रेघ उमटते, आणि ती जिथे सुरू होते तीच गळतीची जागा. डाग पडतो तिथे बघून उपयोग नाही. ओल जिथे सर्वांत वर असते तिथे बघावे लागते.

रेघ रिंगेपाशीच उमटली, तर कारण बहुधा आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये असते. सर्वांत धोक्याचे कारण म्हणजे दुहेरी रिंग. जुना फिल्टर उष्णतेने आसनाला चिकटतो. पट्टापान्याने फिरवला की डबा निघतो, पण रबर आसनावरच राहते. काळ्या, तेलकट आसनावर काळी, तेलकट रिंग डोळ्यांना दिसत नाही. नवा फिल्टर तिच्यावरच चढतो, हाताला घट्ट लागतो, इंजिन चालू झाल्यावर थोडा वेळ कोरडाही राहतो. मग रस्त्यात दाब वाढतो, एक रिंग दुसरीवरून घसरते आणि सगळे तेल एका बाजूने सुटते. काढलेल्या डब्याच्या तोंडावर रिंग आहे का हे पाहायला दोन सेकंद लागतात. आसनावरून बोट गोल फिरवून घ्यावे. दिसत नाही ते बोटाला कळते.

नवा फिल्टर बसवण्याचे काम हाताचे आहे. आसन पुसून कोरडे करावे, त्यावर गंज, ओरखडा किंवा जुन्या गास्केट पेस्टचा थर असेल तर तो काढावा, नव्या रिंगेला बोटाने ताजे तेल लावावे. कोरडी रिंग फिरताना आसनाला धरते आणि मुरडते. फिल्टर आट्यांवर सरळ चढवून रिंग आसनाला टेकेपर्यंत फिरवावा आणि तेथून पुढे पाऊण ते एक फेरा द्यावा. एम-२० स्टडच्या दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांवर पाऊण फेऱ्यात रबर एक मिलिमीटरच्या थोडे वर दबते, आणि तेवढे दबणे पुरेसे असते. पान्याने आवळलेला फिल्टर जास्त सुरक्षित वाटतो, पण रबर चेपून बाजूला फुगते, त्याचा लवचीकपणा जातो आणि पुढच्या वेळी डबा निघताना स्टड हलतो. गळणारा फिल्टर आणखी आवळणे हा उपाय दोन दिवस टिकतो. खोलून, पुसून, रिंग पाहून पुन्हा बसवलेला फिल्टर पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत टिकतो.

फिल्टर नवा आणि आसन स्वच्छ असूनही तेल येत असेल, तर पंपाची प्रेशर रिलीफ झडप पाहावी लागते. घाणीने ती बंद अवस्थेत अडकली तर दाबाला वाट राहत नाही. याची खूण डब्यावरच मिळते: पत्र्याचे बूड फुगलेले असते. फुगलेला फिल्टर फेकून नवा लावला तर तोही फुगतो. झडप सोडवून, स्प्रिंग आणि बोअर साफ करूनच हा दोष जातो. फिल्टर बनावट असला तर पत्रा पातळ आणि रबर हलके असते. म्हणून पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून माल घेताना खोक्याइतकेच आतल्या डब्याचे आटे, रिंगेची बैठक आणि वजन पाहणे योग्य. व्यास जुळणारा पण आट्यांचे माप वेगळे असणारा फिल्टर एक-दोन फेरे चढतोसुद्धा, आणि तेथेच नुकसान होते.

स्टड ढिला झाला असेल तर फिल्टर काढताना तो सोबत येतो. तो आटे साफ करून, लॉक लिक्विड लावून ठोस बसवावा. ब्लॉकमधले आटेच गेले असतील तर काम लेथवाल्याकडे जाते: भोक मोठे करून बुश बसवायचे आणि आत नवे आटे पाडायचे. यात बुश आसनाशी काटकोनात बसणे हीच खरी कसोटी, कारण तिरका स्टड रिंगेला एका बाजूने दाबतो आणि दुसऱ्या बाजूने सोडतो.

फिल्टरचे घर वेगळे असून ब्लॉकला बोल्टने जोडलेले असेल, तर त्यामागचे पॅकिंग हा जुन्या इंजिनातला नेहमीचा गुन्हेगार. घर अॅल्युमिनियमचे, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर दोन्ही वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि मधला कागद वर्षानुवर्षे घासला जातो. तयार पॅकिंग मिळत नसेल तर मेकॅनिक ते हाताने कापतो. पॅकिंगचा कागद घराच्या तोंडावर ताणून धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकत जायचे. धातूची कड स्वतःच कागद कापते. बोल्टच्या भोकावर बेअरिंगचा छर्रा ठेवून एक ठोका दिला की गोल भोक पडते. या कामात तेलाच्या वाटेचे एकही भोक कागदाखाली राहता कामा नये. तसे राहिले तर घर कोरडे राहते आणि बेअरिंगही कोरडेच राहते. घराचे तोंड वाकले आहे का, हे काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासले की दिसते: जिथे चमक येत नाही तिथे खळगा. खळगा सिलिकॉनने भरण्याची सवय चांगली नाही. आत पिळलेला जादा सिलिकॉन सुटतो, तेलाबरोबर चेंबरमध्ये जातो आणि पंपाच्या जाळीत अडकतो.

काडतुसाच्या प्रकारात झाकणाची रिंग दर वेळी बदलावी. ती बहुधा नव्या काडतुसासोबतच येते आणि आळसाने खोक्यात राहून जाते. ऑइल प्रेशर स्विच गळत असेल तर त्याच्या वायरीचा प्लग तेलाने भिजलेला दिसतो. स्विच स्वस्तात बदलतो, पण त्याच्यापायी चांगले फिल्टर बदलले जातात. घरासोबत ऑइल कूलर असेल आणि त्याचे सील गेले असेल, तर तेल आणि पाणी एकमेकांत मिसळू शकतात. कूलंटच्या टाकीत तपकिरी साय दिसली की केवळ बाहेरची गळती थांबवून भागत नाही.

दुरुस्तीनंतर इंजिन दोन-तीन मिनिटे आयडलला चालवून टॉर्चने सांधा पाहावा, मग रेस वाढवून पाहावा, बंद करून थोड्या वेळाने तेल मोजण्याची पट्टी ओढावी. नवा रिकामा फिल्टर तेल पितो, त्यामुळे पातळी उतरते आणि तेवढे तेल वर घालावे लागते. दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम सांधा एकदा आणि दुसऱ्या सकाळी थंड स्टार्टला पुन्हा एकदा पाहिला की तपासणी पुरी होते.

काढलेला फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्यावा, कारण त्याच्या कागदात बरेच तेल राहते. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येते. ते झाकणाच्या डब्यात साठवून परवानाधारक गोळा करणाऱ्याला द्यायचे असते. धुण्याचे डिझेल आणि तेलाने भिजलेल्या चिंध्याही त्याच हिशोबात धराव्यात. पिंपळे गुरवमध्ये गॅरेजसमोरचे पावसाळी गटार पवनेत उघडते आणि पवना पुढे दापोडीजवळ मुळेला मिळते. गटारात ओतलेले तेल तिथवर जाते.