छत्री उघडल्यानंतर

स्कायडायव्हिंग एकट्यानं शिकायचं म्हटलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: "आणि पॅराशूट उघडलंच नाही तर?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर या खेळानं कधीच शोधून ठेवलंय. या क्षेत्रातल्या जुन्या खोडांना जास्त काळजी असते ती व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटची. ती का, ते पुढे येईलच.

पाठीवरच्या पिशवीत पॅराशूट दोन असतात. मुख्य पॅराशूट उघडताना गुंतलं तर उजव्या बाजूची मूठ, बहुतेक ठिकाणी लाल, ओढून ते सोडून द्यायचं आणि लगेच डाव्या बाजूची मूठ ओढून राखीव उघडायचं. जमिनीवर हार्नेसला लोंबकळत ठेवून "बघ, धर, ओढ" हे शिष्याकडून घोटून घेतात. राखीव पॅराशूटची घडी परवानाधारक रिगरच घालतो. अमेरिकेत तर ते वापरलेलं नसलं तरी दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा बांधावं लागतं. आणि माणूस गोंधळून काहीच न करता पडत राहिला, तर एक छोटं यंत्र उंची आणि वेग बघून राखीव पॅराशूट आपणहून उघडतं. यातलं सगळ्यात नावाजलेलं 'सायप्रेस' १९९१ साली बाजारात आलं. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या नोंदीनुसार २०२३ साली तिथे सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि १० जण दगावले.

दुसरा समज असा, की हिंमत असली की झालं. आपल्याकडे त्याला पुण्याच्या शीतल महाजन यांचा दाखला दिला जातो. त्यांनी आयुष्यातली पहिली उडी १८ एप्रिल २००४ रोजी थेट उत्तर ध्रुवावर मारली, हे खरंच. पण त्यानंतर त्यांनी शेकडो उड्या मारल्या, हे सांगणारे कमी. २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून मारलेल्या उडीचे फोटो मात्र सगळ्यांनी पाहिले. नऊवारीत उडी मारायची तर सगळ्या मुठी मोकळ्या, हाताला लागतील अशा राहायला हव्यात. त्या उडीतलं अवघड काम मला ते वाटतं, पण फोटोत ते कुठून दिसणार?

टँडम उडी मारली म्हणजे निम्मं शिकून झालं, असंही अनेकांना वाटतं. टँडममध्ये तुम्ही प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधलेले प्रवासी असता. एकट्यानं शिकण्याचा आज रूढ असलेला मार्ग म्हणजे एएफएफ. त्यात पहिल्या उडीपासून पॅराशूट तुमच्याच पाठीवर असतं, पण दोन प्रशिक्षक दोन्हीकडून तुम्हाला धरून सोबत उडी घेतात. साधारण १३,००० फुटांवरून निघायचं आणि ५,५०० फुटांवर पॅराशूट उघडायचं. मधे मिळतं जेमतेम पाऊण मिनिट. वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे बोलणं अशक्य. प्रशिक्षक तुमच्या तोंडासमोर दोन बोटं सरळ धरतो, म्हणजे पाय लांब कर. अंगठा खाली केला, म्हणजे कंबर पुढे काढून कमान कर. नवशिका बहुधा पहिल्याच वेळी पाय आखडून घेतो, आणि ते त्याला स्वतःला कळतही नाही. अशा गडबडीत मनगटावरचा उंचीमापक बघायचं भान ठेवणं, हीच खरी परीक्षा. सात-आठ टप्पे पार केल्यावर, किमान २५ उड्या झाल्या की अमेरिकेतला पहिला परवाना मिळतो.

श्वास घेता येत नाही म्हणतात, तर येतो. एकदा ओरडून बघायचं, म्हणजे खात्री पटते. पोटात गोळाही इमॅजिकाच्या नायट्रो रोलर कोस्टरवर येतो तसा येत नाही, कारण विमानातून निघतानाच तुम्ही चांगल्या वेगात असता. आणि पॅराशूट उघडल्यावर माणूस वर खेचला जातो, ही तर कॅमेऱ्याची करामत. उघडणाऱ्याचा वेग कमी होतो आणि चित्रण करणारा तसाच खाली पडत असतो, म्हणून तसं दिसतं.

आता त्या उघडलेल्या पॅराशूटकडे येऊ. छत्री उघडली की सुटलो, असं वाटणं सगळ्यात महागात पडतं. आजचं पॅराशूट छत्रीसारखं गोल नसतं. हवेनं फुगलेला तो चौकोनी पंखच असतो, आणि त्याला पुढे जाण्याचा वेग असतो. शिकाऊंना मोठं, संथ पॅराशूट देतात. तरी पुढची पाचेक मिनिटं ते तुम्हालाच चालवायचं असतं: वारा कुठून आहे ते बघायचं, ठरलेल्या उंचीवर वळणं घ्यायची आणि साधारण ३०० फुटांपासून वाऱ्याकडे तोंड करून सरळ यायचं. जमीन दहा-बारा फुटांवर आली की दोन्ही ब्रेक एकदम खाली ओढायचे. घात होतो तो शेवटच्या क्षणी समोर कुंपण किंवा झाड दिसतं आणि हात आपसूक एका बाजूचा ब्रेक खेचतो तेव्हा. पंख कलतो, माणूस लंबकासारखा बाहेर फेकला जातो, उंची झपाट्यानं संपते, आणि पंख सरळ होण्याआधी जमीन येते. अनुभवी माणसंही याच चुकीनं गेली आहेत, तीही काहीही बिघाड नसलेल्या पॅराशूटखाली. म्हणून प्रशिक्षक बजावतात की मैदान चुकलं तर चुकू दे. मोठा अडथळा लांबूनच टाळ. जमिनीलगत मात्र पंख सपाट ठेव, दोन्ही ब्रेक ओढ आणि पाय-गुडघे जोडून लोळण घे.

भारतात लष्करी पॅराशूट प्रशिक्षण आग्र्याला चालतं. सामान्यांसाठी हरियाणातल्या नारनौलला टँडम उड्या झाल्या आहेत, आणि केंद्राच्या २०२२ च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात स्कायडायव्हिंगचा समावेश आहे. पण एकट्यानं शिकायला मराठी मंडळी अजूनही बहुधा थायलंड, दुबई, स्पेन नाहीतर अमेरिका गाठतात. जाताना आठवड्याची सुट्टी काढतात आणि रोज दोन उड्यांचा हिशेब मांडतात. मग पहिल्या सकाळी वारा सुटतो. अमेरिकेत शिकाऊंसाठी मर्यादा ताशी १४ मैलांची, म्हणजे साडेबावीस किलोमीटरची. परवानावाले विमानात चढून वर जातात, आणि शिकाऊ हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर बसलेला असतो, ताठ झालेला कापडी विंडसॉक कधी लोंबतो याची वाट बघत.