काळ्या काठातून नितळ भिंग

न्यूट या उभयचर प्राण्याच्या डोळ्यातलं भिंग काढणं हे हाताच्या स्थैर्याचं काम. गुंगीच्या द्रावणात प्राणी निपचित झाला की त्याला ओल्या टिपकागदावर घ्यायचं, सूक्ष्मदर्शकाखाली कॉर्नियावर बारीक छेद द्यायचा आणि भिंग आवरणासकट अलगद बाहेर काढायचं. राईच्या दाण्याहून लहान, पारदर्शक गोळा चिमट्यात येतो. टाका घालत नाहीत, कॉर्नियाची जखम आपोआप मिटते. पण भिंगाची एकही पेशी आत राहू द्यायची नाही. पुढचं सगळं नवल या अटीवर उभं आहे.

आम्ही ज्यांवर काम करत होतो ते उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातले न्यूट. शेवाळी पाठ, तिच्यावर काळ्या कडांचे लाल ठिपके. ठरावीक टप्प्यांवर काही डोळे मेणात बसवून मायक्रोटोमवर त्यांचे काप घ्यायचे, रंगवायचे आणि काचपट्ट्या ओळीने पाहत जायच्या. माझी नजर असायची बुबुळाच्या वरच्या काठावर.

सुरुवातीला तिथे नुसता काळा पट्टा दिसतो. पेशी रंगकणांनी इतक्या भरलेल्या असतात की त्यांचं केंद्रक ओळखू येत नाही. साधारण चार-पाच दिवसांनी त्या विभागू लागतात. आठवडा उलटला की काठ फिका पडतो. पेशी रंगकण बाहेर टाकतात आणि तिथे जमलेल्या भक्षकपेशी ते गिळतात. आता केंद्रकं स्पष्ट दिसतात. मग काठाला पोकळ फुगवटा येतो. त्याच्या मागच्या भिंतीतल्या पेशी लांब होत जातात, पोकळी भरून काढतात आणि क्रिस्टॅलिन ही भिंगाची खास प्रथिनं बनवू लागतात. महिन्याभरात बाहुलीमागे नितळ भिंग तयार असतं.

खालच्या काठावरच्या पेशीही थोड्याफार विभागतात, पण काळ्याच राहतात. भिंग उगवतं ते वरूनच.

इटलीत व्हिन्चेन्झो कोलुच्ची यांनी 1891 मध्ये आणि जर्मनीत गुस्ताव वोल्फ यांनी 1895 मध्ये हे नोंदवलं, तेव्हा जीवशास्त्रज्ञ चक्रावले. गर्भात भिंग बनतं ते डोक्याच्या त्वचेच्या थरातून. बुबुळाच्या रंजकपेशी येतात मेंदूच्या वाढीतून. म्हणजे इथे वेगळ्याच घराण्यातली, आपल्या कामात स्थिरावलेली पेशी ते काम सोडून दुसरं काम पत्करते.

सगळ्या उभयचरांना हे जमत नाही. झेनोपस बेडकाच्या पिल्लात नवं भिंग कॉर्नियातून येतं, आणि रूपांतर झालं की ती क्षमता सरते. तुटलेला पाय पुन्हा वाढवणाऱ्या अ‍ॅक्सोलॉटलला नवं भिंग बनवता येतं ते अंड्यातून बाहेर आल्यावर जेमतेम दोन आठवडे. न्यूट मात्र म्हातारपणीही थकत नाही. जपानचे गोरो एगुची आणि सहकाऱ्यांनी काही न्यूटांचं भिंग 16 वर्षांत 18 वेळा काढलं. अखेरीस ते प्राणी किमान 30 वर्षांचे होते, तरी नवं भिंग कधीच न काढलेल्या भिंगाच्या तोडीचं होतं. हा निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाला.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र 2005 चा प्रयोग. खालच्या काठाच्या पेशींमध्ये सिक्स-3 हे जनुक वाढवलं आणि रेटिनॉइक आम्ल दिलं, किंवा बीएमपी या प्रथिनांचा संदेश रोखला, तेव्हा खालूनही भिंग तयार झालं. क्षमता तिथेही होती, तिला आवर घातलेला होता.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आपल्या डोळ्यातही मागे राहिलेल्या भिंगपेशी वाढतात, पण त्यांतून बहुधा धूसर पडदाच तयार होतो. वाढीची ताकद आपल्याकडेही आहे, नाही ती शिस्त. म्हणून पेशींना वाढायला कसं लावायचं यापेक्षा न्यूट त्या वाढीला वळण कसं देतो आणि ती कुठे थांबवतो, हे शिकणं मला जास्त निकडीचं वाटतं.