एका दिवसात तीन परीक्षा

पहाटे पाचला शिट्टी होते. साडेपाचला पीटीचं फॉल-इन. एकाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली की अख्ख्या रांगेला फ्रंट रोल. नव्या पोराला हा अन्याय वाटतो. दिवाळीपर्यंत तोच शेजाऱ्याच्या बुटांकडे बघायला लागतो.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, मराठी मुलं जावीत म्हणून राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादेत सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली. मुलींसाठीची नाशिकची संस्था २०२३ची. खासगी अकादम्या तर गल्लोगल्ली आहेत. वेळा थोड्या मागेपुढे होतात, पण सगळीकडे दिवस साधारण हाच.

नाश्ता, खोलीची तपासणी, मग दीडपर्यंत बारावी विज्ञानाचे तास. बोर्डाला गणितात पायरी न् पायरी लिहिलेली लागते.

तीन वाजता तेच गणित उलटं करायचं. एनडीएसाठीच्या यूपीएससीच्या गणिताच्या पेपरात अडीच तासांत १२० प्रश्न, म्हणजे एकाला सव्वा मिनिट. चुकलं तर त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. हुशार पोरगं सवयीने वहीत पायऱ्या मांडत बसतं, आणि सर घड्याळ दाखवत म्हणतात, ‘‘पर्याय टाकून बघ रे!’’

पाचला मैदान. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. थकवा असतो, पण पोरं खूश असतात.

साडेसहाला एसएसबीची, म्हणजे लेखीनंतरच्या निवड मंडळाच्या मुलाखतीची तयारी. चित्र तीस सेकंद बघायचं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची. निम्म्या गोष्टींत नायक बुडणाऱ्याला वाचवतो. तिथले मानसशास्त्रज्ञ असली पाठांतरं पहिल्या चार ओळींत ओळखत असणार. हा भाग शिकवून येतो, यावर माझा फारसा विश्वास नाही. इंग्रजी गटचर्चा मात्र शिकवून येते, आणि रोज तास द्यावा तो तिलाच. मराठी माध्यमातल्या पोराला मुद्दा सगळ्यांआधी सुचतो. वाक्य जुळेपर्यंत दुसराच बोलून जातो.

आठला मेस, मग साडेदहापर्यंत अभ्यास. लाइट्स आउट.

लेखी परीक्षा ९०० गुणांची, एसएसबीही ९०० गुणांचीच. वर्षातून दोन संधी, आणि वयाच्या साडेएकोणीसला दार बंद. त्यामुळे दहावीतल्या मुलाचा अशा संस्थेचा अर्ज भरण्याआधी त्याला एकट्याला गाठून विचारा, ही हौस त्याची आहे की तुमची. त्याची नसेल, तर अर्ज भरू नका.