अंधारात उजळणारी हळद

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद घेणारा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो. रंग जितका गर्द, तितका भाव वर. या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा तो पिवळेपणा करक्युमिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि त्याला आणखी एक गुण आहे, ज्याचा सौद्याशी काही संबंध नाही. जांभळा प्रकाश पडला की ते स्वतः उजेड टाकतं. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना अंधारात रमवायला सातारा-सांगलीच्या घरात याहून स्वस्त आणि जवळची वस्तू मला तरी सापडलेली नाही.

विकत घ्यायची वस्तू एकच: नोटा तपासायची जांभळी टॉर्च. इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळते. तिच्यावर बहुधा ३९५ नॅनोमीटर असा आकडा असतो. ३६५ची महाग टॉर्चही मिळते, पण हळदीसाठी ती लागत नाही. करक्युमिन सर्वांत जास्त प्रकाश शोषतं ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे स्वस्त टॉर्चच त्याच्या जास्त जवळची. घरी आणल्यावर आधी एखाद्या नोटेवर मारून बघा. नोटेचा क्रमांक चमकला की टॉर्च कामाची आहे.

आता दोन काचेच्या वाट्या घ्या. एकीत पाणी, दुसरीत खोबरेल. थंडीत खोबरेल गोठलेलं असेल तर बाटली गरम पाण्यात धरा. दोन्हींत पाव चमचा हळद घाला, नीट ढवळा आणि पाच-दहा मिनिटं तशाच ठेवा. हळद तळाशी बसते. मग दारं-खिडक्या लावा, दिवा घालवा आणि वाटीच्या बाजूने टॉर्च धरा. पाण्याची वाटी मळकट, निस्तेज दिसते. तेलाची मात्र हिरवट पिवळी होऊन उजळते आणि टॉर्चचा झोत तेलातून आरपार गेलेला दिसतो. मुलं लगेच वाटीत बोट घालतात. घालू द्या, खेळ तोच आहे.

हे होतं कसं? जांभळ्या प्रकाशाच्या प्रत्येक कणात ऊर्जा जास्त असते. करक्युमिनचा रेणू ती घेतो, थोडी उष्णतेच्या रूपात गमावतो आणि उरलेली प्रकाश म्हणून परत करतो. शंभराची नोट मोडायला दिली आणि मोडणाऱ्याने कमिशन कापून नव्वद परत केले, तसंच हे. ऊर्जा कमी झाली म्हणून रंगही बदलला: जांभळा आत गेला, हिरवा-पिवळा बाहेर आला. हे सगळं इतक्या झटकन घडतं की टॉर्च बंद करताच उजेडही बंद होतो. पाण्यात मात्र करक्युमिन जवळजवळ विरघळतच नाही. जे थोडंफार विरघळतं, त्याचीही घेतलेली ऊर्जा उष्णतेतच संपते. तेलात रेणू सुटेसुटे पसरतात, म्हणून ते चमकू शकतात. दुधातही हे जमतं, कारण दुधातल्या प्रथिनांना करक्युमिन चिकटून बसतं. रात्री हळदीचं दूध नको म्हणणाऱ्या मुलासमोर कपावर एकदा टॉर्च मारून बघा. दूध पिण्याची हमी मी देत नाही, पण कप हातात नक्की घेतला जाईल.

वाटीतलं तेल आता हाताला लावायचं. कणकेच्या गोळ्यात एक-दोन चमचे मुरवून मळलं की साप, करंज्या, बैल, काय हवं ते करता येतं. पोळा जवळ असेल तर बैलच होतील. काळ्या कार्डशीटवर कापसाच्या बोळ्याने ठिपके द्या, ठिपक्यांची रांगोळी होते. दिव्याखाली कागदावर नुसते तेलकट डाग दिसतात, टॉर्च लावली की रांगोळी. माझा आवडता प्रकार साबुदाण्याचा. साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत शिजवून गार पाण्यात धुवा, निथळा आणि हळदीचं तेल चोळा. बुळबुळीत, चमकते मणी तयार होतात. बाजारात पाण्यात फुगणारे रंगीत प्लास्टिकचे मणी मिळतात, ते लहान मुलांच्या घरात आणूच नयेत. गिळले तर पोटात जाऊन फुगतात आणि आतडं बंद पडू शकतं. साबुदाणा तोंडात गेला तर फार तर तोंड पिवळं होईल. तरी मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं.

शिक्षणाच्या वस्तू आजूबाजूच्या परिसरातून घ्याव्यात, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे मॉन्टेसरीची महागडी साधनं गावात परवडणार नाहीत हे ओळखून ताराबाईंनी दगड, शिंपले, पानं, बिया यांवरच बालवाडी उभी केली. त्या यादीत हळकुंड शोभून दिसलं असतं.

फक्त हळद कुठली घ्यायची, तेवढं बघा. रंग उठून दिसावा म्हणून हळदीत शिशाचं क्रोमेट मिसळल्याचे प्रकार भारतात आणि बांगलादेशात उघडकीला आलेले आहेत, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. सांगलीकडे हळद पिकते, वाईकडेही पिकते. त्यामुळे ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडं आणून घरी किंवा गिरणीत दळून घेणं जमण्यासारखं आहे. डोळ्यांत भरणारा, भडक पिवळा रंग दिसला की मी तरी हात आखडता घेते.

टॉर्चचेही नियम आहेत. झोत कुणाच्या डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही आणि टॉर्च मोठ्यांच्याच हातात ठेवायची. बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारी खेळण्यातली टॉर्च तर नकोच. तो सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते.

एवढी एक टॉर्च घरात आली की आणखी बऱ्याच गोष्टी उघड होतात. शाळेचा पांढरा शर्ट निळसर चमकतो, कारण धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा वाढवणारं द्रव्य असतं. ती पावडर मुलांच्या खेळात आणू नका, शर्ट दाखवला तरी पुरे. पालकाची चार पानं मोठ्यांनी स्पिरिटमध्ये चुरून गाळली की हिरवं पाणी मिळतं. ते टॉर्चखाली रक्तासारखं लाल दिसतं, कारण हरितद्रव्य घेतलेली ऊर्जा लाल प्रकाशात परत करतं. हे दुरून दाखवायचं, स्पिरिटची बाटली मुलांपासून लांब ठेवायची. आणि माण-खटाव किंवा जतकडे घर असेल तर रात्री अंगणातल्या दगडांवर, लाकडांच्या ढिगावर ती टॉर्च मोठ्यांनी एकदा फिरवावी. विंचवाच्या कवचातली द्रव्यं हिरवट निळी चमकतात, त्यामुळे तो लांबूनच दिसतो. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही, एवढं लक्षात ठेवा.

छतावर चिकटवायच्या, अंधारात चमकणाऱ्या चांदण्यांचं तंत्र वेगळं. त्यांत बहुधा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं आणि त्यात युरोपियम, डिस्प्रोशियम या धातूंचा अंश मिसळलेला असतो. हे मिश्रण ऊर्जा अडवून धरतं आणि हळूहळू सोडतं, म्हणून दिवा घालवल्यावरही चांदण्या उजळत राहतात. लाल दिव्याने त्या भरत नाहीत, जांभळ्या टॉर्चने मात्र चटकन भरतात. अशा द्रव्याचा कागद मिळाला तर त्यावर मुलाचा पंजा ठेवा, वरून टॉर्च फिरवा आणि पंजा उचला. सावली कागदावरच राहते! चमकत्या कागदावर काळा पंजा, आणि मूल तो पुसायला जातं.

अशा कागदासाठी दुकानात ‘रेडियम’ मागितलंत तर मात्र गाड्यांवर लावायचा चकाकता कागद हाती पडेल. त्यात रेडियमही नाही आणि स्वतःचा उजेडही नाही. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे लावलेल्या लाल पट्ट्या त्याच जातीच्या. त्यांतले काचेचे बारीक मणी किंवा लोलक प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात. साधी, पांढऱ्या उजेडाची टॉर्च डोळ्यापाशी धरा, पट्टी झगमगते. हात लांब करून बाजूने मारा, विझते. मुलांना हा फरक सांगावा लागत नाही, ती स्वतःच करून बघतात.

खेळ संपला की पिवळे हात आणि पिवळे कपडे उरतात. साबण लावल्यावर डाग लाल होतो. साबणाच्या अल्कधर्मीपणाने करक्युमिनचा रंग बदलतो, हळदीचं कुंकू होतं तेही याच गुणामुळे. घाबरू नका. भरपूर पाण्याने खळबळा आणि कपडा कडक उन्हात वाळत घाला, डाग फिका पडत जाईल. करक्युमिन उन्हात टिकत नाही. त्यामुळे उरलेलं तेल उद्याच्या खेळाला हवं असेल तर वाटी खिडकीत ठेवू नका, झाकण घालून फडताळात ठेवा.