भावाचा ४२चा शर्ट आणि आपली मुलाखत: सुई-दोरा न घेता ढगळे कपडे मापात कसे आणायचे?

ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

धुळ्याहून एकाची व्हॉइस नोट आली. परवा जळगावला त्याची मुलाखत आहे. शर्ट मोठ्या भावाचा, माप ४२. याचं स्वतःचं ३८. लग्नसराई असल्यामुळे टेलर म्हणतो, आठ दिवसांनी या. आणि शर्ट भावाला जसाच्या तसा परत द्यायचाय. "दादा, काही जुगाड शे का?"

शे ना भो! पण आधी एक सांगा, हा कपडा उद्या कोणाच्या अंगावर जाणार? तुमचा स्वतःचा असेल तर गरम पाणी, चिकटपट्टी, काहीही करा. मागून आणलेला असेल तर फक्त घडी, पिन आणि बेल्ट. बरेच व्हिडिओवाले हा फरकच करत नाहीत, पहिल्या मिनिटाला कात्री काढतात. आपल्याकडे एक शर्ट थोरल्याकडून धाकट्याकडे, तिथून मामाच्या पोराकडे जातो. त्याला कात्री लावून कसं चालेल?

पहिलं काम, आरशासमोर उभं राहून खांदा बघायचा. बाहीची शिलाई खांद्याच्या हाडावर किंवा बोटभर खाली असेल तर काम होतं. तीन-चार बोटं खाली लोंबत असेल तर नाद सोडा. न शिवता खांदा लहान करता येत नाही. त्यापेक्षा मित्राचा शर्ट मागा.

खांदा ठीक असेल तर कंबर सोपी आहे. शर्ट घाला, पँट वर घ्या पण बटण लावू नका. दोन्ही कुशीच्या शिलाया चिमटीत धरून जास्तीचं कापड बाहेर ओढा आणि पाठीकडे चपटी घडी मारा. घडी धरूनच शर्ट खोचा, मग बटण आणि बेल्ट. फौजी लोक गणवेश असाच खोचतात. समोरून शर्ट एकदम मापाचा दिसतो. आता खाली बसा, उठा, दोन्ही हात वर करा. सुती कापड बहुधा टिकतं, पॉलिएस्टर घसरतं. घसरलं तर प्रत्येक घडीला एक सेफ्टी पिन, पण बेल्टच्या खाली आणि आडवी. तिथे ती दिसत नाही आणि टोचतही नाही.

ही पिन १८४९ साली अमेरिकेत वॉल्टर हंट नावाच्या माणसाने पेटंट केली आणि ते पेटंट ४०० डॉलरला विकून टाकलं. आपल्याकडे काकूंच्या बांगडीत दोन-तीन पिना कायम लटकलेल्या असतात, तिथून घ्या.

पँट कमरेत सैल असेल तर मागचे दोन लूप बुटाच्या लेसने एकमेकांजवळ ओढून बांधा, वरून बेल्ट. लांबी जास्त असेल तर आतल्या बाजूला दुमडून कडक इस्त्री मारा आणि एका दिवसापुरती दुहेरी चिकटपट्टी लावा. इस्त्रीने चिकटणारी हेमिंग टेप मिळते, ती जास्त टिकते, पण गोंदाचा माग राहू शकतो. म्हणून ती स्वतःच्याच पँटला.

आता गरम पाण्याचं. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आपण कापूस पिकवणारी माणसं, तर हे माहीत असलेलं बरं. विणताना आणि पुढच्या प्रक्रियेत सूत ताणलेलं असतं. गरम पाण्यात धागा फुगतो, ताण सुटतो आणि कापड आखडतं. पण ते बहुतेक वेळा लांबीत जास्त आखडतं, रुंदीत कमी. म्हणजे ढगळा शर्ट ढगळाच राहून वर आखूड होऊ शकतो! शिवाय वर्षभर धुतलेल्या कपड्याचं आखडणं बहुतेक होऊन गेलेलं असतं. भावाच्या जुन्या शर्टाला उकळून काही मिळणार नाही. पॉलिएस्टर तर बादलीतल्या पाण्याला जुमानतच नाही. कापड कोणतं ते कळत नसेल तर आतल्या शिलाईचा एक सुटा धागा काढून ताटलीत जाळा. कागद जळाल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर.

मुलींनी विचारलंय बहिणीच्या ब्लाउजबद्दल. खांद्यावरून उतरत असेल तर आतून ब्राच्या पट्टीला पिन करा. डाव्या बाजूला पदर येतो, तिथे काहीच दिसत नाही. कुर्ती सैल असेल तर पाठीमागे कमरेजवळ कापड गोळा करून आतून छोटा रबर बांधा आणि वरून ओढणी सोडा.

खरं तर हे सगळं आपल्या आज्यांना नवीन नव्हतं. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड, आणि त्याला मापच नाही. बारीक असो, जाड असो, पोटुशी असो, निऱ्या कमी-जास्त केल्या, काष्टा घट्ट मारला की झालं. तेच लुगडं सासूचं आणि तेच सुनेचं. आता शिवलेली नऊवारी मिळते, स्मॉल, मीडियम, लार्ज. सोय आहे, मान्य. पण मापाची कटकट आपणच विकत घेतली, असं मला वाटतं.

आणि सगळंच घट्ट करू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो. पाठीला हवा लागू द्या, फक्त कंबर आवळा.

धुळ्याहून येणाऱ्याने एसटीत टी-शर्ट घालून बसावं. पारोळा, एरंडोल करत जळगाव येईपर्यंत घडीचा चुरगळा होतो. शर्ट हँगरवर किंवा वर्तमानपत्रात सपाट ठेवून आणा आणि स्टँडवर उतरल्यावर कपडे बदला. चार पिना लागत असतील तर सहा ठेवा.

शर्ट परत देताना पिना मोजून काढा, मगच धुवायला टाका. ओल्या कापडात राहिलेली पिन गंजते आणि तो तपकिरी डाग साबणाने जात नाही. लागलाच तर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवा, पण फक्त पांढऱ्या सुती शर्टावर. रंगीत शर्टाचा रंगच उडेल.