गटाची सर्जनशीलता – लेखांक ४ : एकट्याने कुठे, मिळून कुठे?

नवी कल्पना आकाराला येण्याचे चार टप्पे इंग्लिश विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये ‘द आर्ट ऑफ थॉट’ या ग्रंथात मांडले: पूर्वतयारी, मुरणे, स्फुरण आणि पडताळणी. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ आणि फ्रेंच गणिती प्वांकारे यांनी आपापल्या कामाविषयी सांगितलेले अनुभव त्यांच्यासमोर होते. म्हणजे हा आराखडा मुळात एकट्या माणसाच्या विचाराचा. गटाने तो वापरताना कोणता टप्पा मिळून पार पाडायचा आणि कोणता ज्याचा त्याने, हे आधी ठरवावे लागते.

बहुतेक गट इथेच चुकतात. कल्पना सुचण्यासाठी सगळ्यांना एका खोलीत बसवले जाते. जाहिरात क्षेत्रातले ॲलेक्स ऑस्बॉर्न यांनी ही ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ची पद्धत रूढ केली. टीका नको, कल्पना भरपूर हव्यात, हे तिचे नियम आजही उपयोगी आहेत. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगात एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज जवळपास दुप्पट भरली. डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी १९८७ मध्ये त्याचे मुख्य कारण दाखवले: एका वेळी एकच जण बोलू शकतो आणि आपली पाळी येईपर्यंत इतरांचे विचार अडून राहतात. म्हणून सुचेल ते आधी प्रत्येकाने एकट्याने लिहून काढावे आणि मग सर्वांसमोर ठेवावे, हे उत्तम.

पूर्वतयारी आणि पडताळणी मात्र गटाशिवाय अपुरीच राहते. अमेरिकेतील थ्रीएम कंपनीचे उदाहरण याबाबत फार बोलके आहे. १९६८ मध्ये तिथले रसायनतज्ज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांच्या हाती एक कमकुवत गोंद लागला. तो चिकटे, पण सहज सुटेही. त्याचा उपयोग काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. तरी त्यांनी तो दडवला नाही, सहकाऱ्यांना वर्षानुवर्षे त्याची माहिती देत राहिले. या चिकाटीचे मोल मोठे आहे. आर्थर फ्राय यांनी ती माहिती ऐकली होती. ते चर्चमध्ये गात आणि गीतांच्या पुस्तकातल्या त्यांच्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या गळून पडत. १९७४ मध्ये त्यांना तो गोंद आठवला. तयारी एकाची, स्फुरण दुसऱ्याचे. मधली वर्षे मुरण्याची.

तरीही चिकटणाऱ्या चिठ्ठ्या तयार झाल्या नव्हत्या, कारण गोंद कागद सोडून दुसऱ्याच पृष्ठभागावर राही. तो कागदालाच धरून राहावा यासाठी आणखी सहकाऱ्यांनी वेगळा लेप शोधला. १९७७ मध्ये चार शहरांत केलेली चिठ्ठ्यांची चाचणी विक्री फसली. पुढच्या वर्षी आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात नमुने फुकट वाटले, तेव्हा वापरणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी त्या विकत घेण्याची तयारी दाखवली. अडचण कल्पनेत नसून, ती लोकांना वापरून पाहायला न मिळण्यात होती. १९८० मध्ये ‘पोस्ट-इट’ या नावाने त्या चिठ्ठ्यांची विक्री अमेरिकाभर सुरू झाली.