दगडातला स्फुरद आणि गंधकाम्ल

खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे आकडे ठळकपणे छापलेले असतात; परंतु त्यांतील स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ज्या गंधकाम्लाच्या बळावर पिकाच्या मुळांपर्यंत पोहोचतो, त्याचे नाव तेथे कोठेही नसते. वास्तविक जगात तयार होणाऱ्या गंधकाम्लापैकी निम्म्याहून अधिक आम्ल फॉस्फेट खतांसाठीच खर्ची पडते. मोरोक्कोत किंवा उदयपूरजवळ झामरकोटडा येथे सापडणाऱ्या फॉस्फेट खडकात स्फुरद कॅल्शियमशी इतका घट्ट बांधलेला असतो, की तो खडक पिठासारखा दळून चुनखडीच्या काळ्या जमिनीत मिसळला, तरी जवळजवळ विरघळत नाही; आणि मुळे तर पाण्यात विरघळलेलेच अन्न शोषू शकतात. हा बंध आम्लाने सोडवून खत करण्याचे पेटंट जॉन बेनेट लॉज यांनी 1842 साली इंग्लंडमध्ये घेतले.

त्यासाठी लागणारे आम्ल गंधकापासून बनते, आणि आज हे गंधक बहुतांशी खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या शुद्धीकरणात हाती येते. वितळलेले गंधक भट्टीत फवारून जाळले, की निळसर ज्योतीतून सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. त्याला ऑक्सिजनचा आणखी एक अणू जोडणे, हीच या साऱ्या उद्योगातली खरी अवघड पायरी होय. कारण तापमान कमी ठेवले तर ही क्रिया रेंगाळते, आणि फार वाढवले तर तयार झालेला सल्फर ट्रायऑक्साइड पुन्हा मोडू लागतो. म्हणून व्हॅनेडियम पेंटॉक्साइड हा उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्च न होता क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, थरांत रचून सुमारे 400 ते 450 अंश सेल्सिअसला वायू त्यांवरून नेतात आणि दोन थरांच्या मध्ये तो थंड करतात. पुढे हा ट्रायऑक्साइड थेट पाण्यात सोडला, तर आम्लाचे न बसणारे दाट धुके उठते. त्यामुळे तो सुमारे 98 टक्के तीव्रतेच्या गंधकाम्लातच शोषून घेतात व मागाहून पाणी मिसळतात.

या आम्लात खडकाची पूड कालवली, की तो लगदा थोड्याच वेळात घट्ट होतो, आणि ढीग घालून काही आठवडे मुरवल्यावर त्याचे सिंगल सुपर फॉस्फेट होते. त्यात विद्राव्य फॉस्फेटबरोबर जिप्समही राहते, म्हणून 50 किलोच्या पोत्यात, फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबाने, 8 किलो स्फुरद आणि शिवाय साधारण साडेपाच किलो गंधक शेतात जाते. भुईमूग, सोयाबीन यांसारख्या तेलबियांना गंधकाची मोठी गरज असल्याने या जुन्या खताला कमी लेखणे योग्य नव्हे.

डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, या खताच्या तेवढ्याच पोत्यात 23 किलो स्फुरद आणि 9 किलो नत्र मावते, त्यामुळे वाहतुकीला व वापराला ते सोयीचे पडते, हे खरेच; परंतु त्यासाठी आधी फॉस्फोरिक आम्ल वेगळे काढताना सारे जिप्सम गाळून बाजूला टाकावे लागते. पेंटॉक्साइडच्या त्याच हिशेबाने एक टन स्फुरदामागे असे सुमारे पाच टन जिप्सम निघते. त्यातले काही सिमेंटमध्ये आणि चोपण जमिनी सुधारण्यासाठी वापरले जाते. उरलेले, तेलबियांच्या वाट्याचे गंधक पोटात घेऊन, कारखान्यांजवळ डोंगरासारखे साचत राहते.